आधी गडी, मग सोनं

गेल्या महिन्यात आर्णीला आमच्या शाळेचा मोठा कार्यक्रम झाला. माजी मुख्याध्यापक म्हणून मला मंचावर बसवलं होतं. शाल, नारळ आणि दुसऱ्याकडे तोंड केलेला पंखा. एक माजी विद्यार्थी, आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर, भाषणात म्हणाला, "आमच्या शाळेत कॉम्प्युटरवर अभ्यासाआधी गेम आला. थूल बाईंनी आणला!" मंडप हसला. मंच हसला. मीही हसलो. नारळ मांडीवरून घरंगळला, तो वाकून उचलला आणि पुन्हा हसलो.

तर गेम थूल बाईंनी आणला नाही. मी आणला. साडूच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला गेलो होतो, तेव्हा बर्डीच्या फूटपाथवरून सीडी घेतली. वय वर्षं बावन्न, विषय गणित. सीडीच्या कागदावर तोकड्या चिलखतातली एक बाई होती म्हणून मी ती आहेराच्या पाकिटात लपवून आणली. गाव अजून म्हणतं की त्या गेमपायी बाईंची मुख्याध्यापकाची खुर्ची गेली. गेमपायीही गेली नाही. ती माझ्याखाली होती.

एवढं सांगून झालं. आता बाईंबद्दल.

चंद्रकला थूल व्यायाम शिकवत. उंची बेताची, बांधा रोडरोलरचा. तरुणपणी विद्यापीठाच्या कबड्डी संघात होत्या आणि तिथल्याच एका पकडीत उजव्या गुडघ्याची वाटी सरकली ती कायमची. चालताना त्या उजवीकडे झुकत, त्यामुळे लांबून वाटे की ही बाई आता कोणाला तरी हात लावून परत पळणार. गळ्यात शिट्टी. ती मैदानावर वाजे, बाजारात भाव करताना वाजे, आणि निरोप समारंभात कोणाचं भाषण लांबलं की हमखास वाजे. पाहुण्यांना वाटे, शाळा सुटली.

शाळेच्या भिंतीपलीकडे कापसाचं खरेदी केंद्र होतं. ती वर्षं कापसाला वाईट होती. काटा कधी सुरू होईल ते कोणालाच ठाऊक नसे. बैलगाड्यांची रांग आमच्या मैदानापर्यंत येई आणि तिथेच मुक्काम ठोके. कंटाळलेले गाडीवाले भिंतीवर बसून मुलींची कबड्डी बघत. बाईंनी त्यांना फुकट बसू दिलं नाही. दोघांना ओढून रेषेवर पंच म्हणून उभं केलं.

"तुम्हाले भाव तं कोनी देऊन नाई राह्यलं," त्या म्हणाल्या, "निकाल तं द्या."

तेव्हापासून गाडीवाले आपसात भांडत की आज पंच कोण. एक म्हातारा तर गाडीतला कापूस विकला गेल्यावरही दुसऱ्या दिवशी परत आला, सामना अर्धा राहिला होता म्हणून.

त्याच सुमारास शाळेला चार कॉम्प्युटर मिळाले. ज्याला गणित येतं त्याला कॉम्प्युटर येतो अशी संस्थेची समजूत असल्यामुळे खोलीची किल्ली माझ्याकडे आली. शाळा सुटली की मी दार लोटून गेम खेळे. त्यात चार जणांची टोळी आपणच घडवायची असे. प्रत्येकाला ठरावीक गुण मिळत. ते ताकद, चपळाई, दम, अक्कल आणि रूप यांत वाटायचे, मग टोळी घेऊन तळघरं, जंगलं, गुहा पार करायच्या. सर्वांत शेवटी डोंगराच्या पोटात सोन्याच्या ढिगावर बसलेला, आग ओकणारा एक अजस्र साप. मी सगळे गुण अकलेत ओतून एक जादूगार केला होता. नाव पंडित. साप फार लांब होता. पंडित पहिल्याच तळघरात उंदरांच्या हातून तीन आठवडे मरत होता.

एके संध्याकाळी बाई दोरीउड्यांच्या दोऱ्या शोधत आत आल्या. माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिल्या.

"हे काय, बोरकर सर? उंदरानं मारलं तुम्हाले?"

"मला नाही, त्या पंडिताला."

"त्याले कोनं बनवलं?"

"मी."

"मंग तुम्हालेच मारलं." त्यांनी चष्मा पुसून आकडे वाचले. "अक्कल अठरा, दम तीन. असा मानूस आपल्या स्टाफरूममंदी हाय एक. फूक मारली तं पडन. सरका तिकडं."

त्या दिवशी दोऱ्या राहिल्या. बाईंनी स्टूल ओढलं आणि स्वतःचा गडी घडवायला घेतला. लढणारी बाई, नाव सारजा. ते त्यांच्या आईचं नाव. मी सुचवलं, थोडे गुण रूपात टाकू.

"कायले? रूप पाहून राक्षस काय हुंडा सोडनार हाय?" रूपाचे होते नव्हते ते काढून त्यांनी दमात टाकले. उरलेले चपळाईत. ताकदीला जेमतेम. मी म्हटलं, हिला तलवार पेलणार नाही. बाई म्हणाल्या, नको पेलू दे. लोखंडी चिलखतही काढून टाकलं. "हे घालून ते धावन कशी? हे तं शोकेसमंदी ठेवाचं कपाट झालं."

गडी घडवण्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, मैदानावर आणि इथेही तेच. गडी किती मारतो ते बघायचं नाही, तो कधी थकतो ते बघायचं. आठवीच्या मुली निवडतानाही त्या दंड बघत नसत. वेचणीच्या दिवसांत अर्धा संघ शेतात असे. बाई तिथेच जात आणि दुपार उलटल्यावर कोणाची कमरेची ओटी अजून कापसाने भरत आहे ते बांधावरून बघून येत. त्या मुली संघात.

लढाईचं शास्त्रही कबड्डीचंच. मी आजवर चौघांना घेऊन राक्षसांच्या खोलीत शिरे आणि चौघांना मारून घेई. बाईंनी ते बंद केलं.

"दुसऱ्याच्या अंगनात सगळा संघ घेऊन कोनी जाते का? एकानं चढाई कराची. हात लावाचा, वापस याचं."

म्हणजे सारजा एकटी आत जाई, एका राक्षसाला खडा मारी आणि पळत दाराकडे येई. चपळाई असल्यामुळे सापडत नसे. राक्षस चिडून मागे येत, आणि दार अरुंद असल्यामुळे एकेक करून येत. दार ही बाईंची मध्यरेषा. दाराच्या दोन बाजूंना आमचे दोघे साखळी धरून उभे. पंडित मागून मंत्राने राक्षसाचे पाय जड करी.

"पाय धर, पाय! छातीले काय मिठी मारून राह्यला, भैताडा!" हे पंडिताला. पण पंडिताचं बटण मी दाबत होतो.

आणि चौघांना एका ओळीत उभं केलं की शिट्टी. "प्रार्थनेले उभे हायत का? आग आली तं सगळे एकदम शेकतीन. पांगवा!"

एवढं करून सहा वाजता भारनियमन. वीज गेली की खोक्यातली बॅटरी पाचेक मिनिटं किंचाळत तग धरी, तेवढ्यात लढाई निस्तरायची. बाई म्हणत, कबड्डीत तरी दुसरं काय असतं? एका दमात जाऊन यायचं.

एकदा यवतमाळहून तपासणीला साहेब आले आणि न सांगता खोलीत घुसले. पडद्यावर साप. गेमच्या सुरुवातीच्या चित्रफितीतला, मी तो तसाच थांबवून ठेवला होता. साहेबांनी विचारलं, "हा कोणता प्राणी?"

मी हजेरीच्या वहीत तोंड घातलं. बाई म्हणाल्या, "नामशेष झाला, साहेब."

साहेबांनी हळहळून मान हलवली आणि शेऱ्यात लिहिलं, विज्ञानासाठी संगणकाचा उत्तम वापर.

पण त्या गेममधली एक गोष्ट सांगायलाच हवी. पुढे पंडिताला मेलेला गडी उठवण्याचा मंत्र मिळाला. लढाईच्या शेवटी, तिथून बाहेर पडायच्या आत तो म्हणायचा. एका गुहेत सारजा आमच्यासाठी दार अडवून लढली आणि पडली. राक्षस संपले. समोर सोन्याचा पेटारा. सहा वाजत आले होते. मी पेटारा उचलला आणि टोळी बाहेर काढली. सारजा आतच राहिली. गुहेचं दार बंद झालं.

बाईंनी स्टूल मागे सारलं, हे वाईट लक्षण होतं. मग म्हणाल्या, "सर, कबड्डीत आपला गडी बाद झाला का कुठं बसते?"

"रेषेबाहेर."

"काहून बसते? घरी काहून नाई जात?"

"आपल्या संघाने त्यांचा एक मारला की आपला एक उठतो म्हणून."

"हौ. त्याले भरोसा असते म्हनून बसते. आधी गडी, मग सोनं. तुम्ही तं पेटी घेऊन पळाले, बावा."

त्यांनी मला आधी साठवून ठेवलेल्या जागेपासून ती सगळी गुहा पुन्हा खेळायला लावली. स्वतः माऊसला हात लावला नाही. आठवडाभर माझ्यामागे शिट्टी घेऊन उभ्या. सारजा उठली तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती मला अजून दुखते.

सापाला आम्ही नाव ठेवलं होतं, अध्यक्ष साहेब. संस्थेचे अध्यक्ष दिसायला तसे गरीब होते, पण बसण्याची ढब तीच. आमचे जुने मुख्याध्यापक दिवाळीला निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेत पहिल्या थूल बाई, दुसरा मी, तिसरा अध्यक्षांचा मेहुणा. बाईंना ती खुर्ची हवी होती आणि त्या ते लपवत नसत. मुलींसाठी मैदानाच्या कडेला संडास बांधायचा आणि मैदानावर उभा राहिलेला अध्यक्षांचा ट्रॅक्टर हलवायचा, ही दोन कामं त्यांनी आधीच जाहीर केली होती. एक तर बाई, त्यात बौद्धवाड्यातली. हे अध्यक्ष कधी बोलून दाखवत नसत. बोलायची गरज पडत नसे.

मग पोळा आला. आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणारी यमकं. म्हणणारे पुरुष. त्या वर्षी अध्यक्ष स्वतः तोरणापाशी फेटा बांधून उभे, शेजारी मेहुणा. गर्दीतून बाई पुढे झाल्या. कोणीतरी म्हणालं, बाईमानसानं झडती नाई म्हनत. बाई म्हणाल्या, "बैलानं सांगितलं का तुले?" आणि सुरू झाल्या:

"सोन्यावर बसला डोंगराचा साप,
शाळेले म्हनते, मीच तुहा बाप.
साप लागला धापाले, हलेना की डोलेना,
मेहुना बसला डोक्यावर, कोनी काही बोलेना!"

पुढचं हर हर महादेव गाडीवाल्यांनी असं ठोकलं की दोन बैल सुटले. बाई तेवढ्यापुरत्या गप्प राहिल्या. ते त्यांचं नव्हतं.

पण साप कोणता, डोंगर कोणता, हे अध्यक्षांच्या कानावर कोणीतरी उलगडून घातलं. चार दिवसांत कॉम्प्युटरची खोली उघडली गेली, सीडी सापडली, कागदावरची तोकड्या चिलखतातली बाई सापडली. मुलांना बिघडवणारी वस्तू शाळेत कोणी आणली, म्हणून आम्हा दोघांना बैठकीला बोलावलं. दोघे दोषी ठरलो की खुर्ची सरळ मेहुण्याला.

सापाला मारायचा बेत आम्ही आधीच केला होता. सारजाने एकटीने समोर जायचं आणि सगळी आग अंगावर घेऊन पडायचं. एकदा आग ओकली की सापाला दम घ्यायला वेळ लागतो. तेवढ्यात बाकीच्यांनी घुसायचं, आणि शेवटी पंडिताने सारजाला उठवायचं. तो डाव कॉम्प्युटरवर खेळणं राहूनच गेलं. बैठकीच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बाईंनी मला बाकावर बसवलं.

"आयका. दोघं मेलो तं सगळा संघ बाद, खेळ खलास. एकानंच मराचं. मी जातो."

"पण सीडी माझी आहे."

"मले मालूम नाई का? तुम्ही आत बोलाल तं तुमचा दम तीन. तिथंच पडान आन मले घेऊन पडान." त्यांनी आवाज उतरवला. "गेम माहा म्हनून सांगतो. चौकशी माह्यावर लागन, खुर्ची तुमच्याकडं येईन. मंग चौकशीवर अहवाल कोनाचा जाते? मुख्याध्यापकाचा. तुम्ही एक कागद लिहाचा, का सीडी मी आनली, बाईचा संबंध नाई. चौकशी बंद. मी उठलो. खुर्ची माही मले."

"आणि मला काय करतील?"

"ताकीद देतीन. ते तं तुम्हाले घरी रोजच भेटते."

आत अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे तुम्हाला शोभतं का?"

"नाई शोभत, साहेब," बाई म्हणाल्या. "मी रूपात गुनच नाई टाकले."

कोणाला काही कळलं नाही. मला हसू आलं, ते मी खोकून घालवलं. त्या खोलीत मी केलेलं एवढंच.

दिवाळीनंतर मी खुर्चीत बसलो. कागद पहिल्याच आठवड्यात लिहिणार होतो. मग संडासाचं काम निघालं. ते मी केलं, आणि लोकांनी माझं कौतुक केलं. मग सहामाहीचे निकाल. मग परीक्षा. अध्यक्ष घरी चहाला आले आणि बायकोने ठेवणीतले कप काढले. घंटी वाजवली की शिपाई येई. मी भ्यालो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी भ्यालो नव्हतो. मला खुर्ची आवडली.

माझ्या दारासमोर एक बाक होतं, उशिरा आलेल्या मुलांना बसवायचं. मधल्या सुट्टीत बाई रोज तिथे येऊन बसत. थर्मासमधला चहा पीत. आत बघत नसत, काही मागत नसत. बाद झालेला गडी रेषेबाहेर जसा बसतो, मांडी घालून, खेळाकडे लक्ष ठेवून, तशा. सुरुवातीला माझ्याकडे बघून भुवई उडवत, म्हणजे घाई नाही. पुढे भुवई बंद झाली. एकदाच विचारलं, "सर, टाइम हाय न आजून?"

मी म्हणालो, "हो हो, उन्हाळ्यानंतर."

कोणता उन्हाळा ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

बाई निवृत्त झाल्या, चौकशी अंगावर घेऊनच. त्यांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं. चांगलं झालं म्हणतात. फार लांबलं होतं. मी शिट्टीची वाट बघत होतो. ती वाजली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, मीही निवृत्त झाल्यावर, एका दुपारी स्कूटर काढून त्यांच्या गावी गेलो. खिशात तो कागद लिहून नेला होता. त्याचा आता कोणाला काही उपयोग नव्हता. गावाबाहेर, कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या रानात, राखेने रेषा आखून मुलींची कबड्डी चालली होती. बाई प्लास्टिकच्या खुर्चीत. केस पांढरे, गुडघा एका विटेवर टेकवलेला, शिट्टी तीच.

"बाई, मी तो कागद..."

"थांबा. चढाई चालू हाय."

एक किडकिडीत मुलगी पलीकडे शिरली, कोणाच्या तरी कोपराला बोट लावून धुरळ्यातून सुटून आली. बाईंनी शिट्टी मारली. रेषेबाहेर बसलेली दुसरी मुलगी झगा झटकत उठली आणि आत पळाली, जणू तिला कधी शंकाच नव्हती. ती जागा रिकामी झाली. बाईंनी माझ्याकडे न बघता हाताने ती दाखवली.

"बसा."

मी बसलो. धोतर नव्हे, पँट, त्यामुळे मांडी घालायला वेळ लागला. पुढच्या डावात मुली बाद होत, माझ्या शेजारी येऊन बसत, कोणीतरी गुण आणला की उठून जात. कागद मी खिशातून काढला नाही. खेळ संपला. मुलींनी दप्तरं उचलली. बाईही उठल्या, एकीने त्यांची खुर्ची घेतली. मी तसाच बसलेला बघून ती किडकिडीत मुलगी थांबली.

"बाई, या सराईले उठवाचं नाई का?"

बाईंनी मागे वळून बघितलं आणि खळखळून हसल्या. त्या हसण्यात राग शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

"याईच्या संघात कोनी उरलंच नाई बाप्पा," त्या म्हणाल्या, "उठवन कोन?"

मग त्या निघाल्या. वाटेत शेळ्या आडव्या आल्या, तशी त्यांनी शिट्टी तोंडात धरली. उजवीकडे झुकत, प्रत्येक पावलाला एक शिट्टी मारत, शेळ्या दोन बाजूंना पांगवत बाई गावात शिरल्या.